फोकस कोणावर ठेवायचा?

85 मिलिमीटरची लेन्स टी 1.4 वर उघडी आहे आणि नट कॅमेऱ्यापासून पाच फुटांवर उभा आहे. टीचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी आणि शार्प पट्टी अरुंद. अशा वेळी पडद्यावर जे धारदार दिसतं, त्याची खोली जेमतेम दोन सेंटिमीटर असते. डोळा शार्प असेल तर कान नसतो. नाकाचा शेंडा धरला तर पापण्या विरघळून जातात. नट हा हाडामांसाचा माणूस. बोलता बोलता तो पुढे झुकतो, हसताना मान मागे टाकतो, नुसता खोल श्वास घेतला तरी अर्धा इंच हलतो. त्याचा डोळा त्या दोन सेंटिमीटरांच्या आत राहील हे बघणं एका माणसाचं काम असतं. सेटवर त्याला फोकस पुलर म्हणतात. गेली कित्येक वर्षं माझा धंदा तोच आहे.

"कॅमेऱ्यावर असतो" म्हटलं की लोक लगेच विचारतात, "म्हणजे शूटिंग तुम्हीच करता?" तर नाही. प्रकाश कसा असावा, चौकट कुठून धरावी हे छायालेखक ठरवतो. सेटवर त्याला डीओपी म्हणतात. कॅमेरा फिरवायला बऱ्याचदा वेगळा ऑपरेटर असतो. फोकस पुलर कॅमेऱ्याच्या कडेला उभा राहतो. फिल्मच्या काळात तर ज्या गोष्टीची जबाबदारी त्याच्यावर, ती त्याला दिसतच नसे. व्ह्यूफाइंडरला डोळा ऑपरेटरचा. पुलरचा एक हात लेन्सशी जोडलेल्या चाकावर आणि नजर नटाच्या खांद्यांवर, पायांवर. माणूस उठणार असेल तर आधी त्याचं वजन तळपायांवर येतं, वळणार असेल तर आधी खांदा हलतो, आणि पुलरचा हात त्या खांद्याबरोबर निघावा लागतो. चेहरा वळल्यावर निघालेला हात उशिरा पोचतो.

कॅमेऱ्याच्या अंगावर एक लहानशी खूण असते: वर्तुळ आणि त्याला छेदून जाणारी रेघ. आत फिल्म किंवा सेन्सर नेमका त्या रेघेच्या पातळीत असतो. तिथल्या हुकाला टेप अडकवायची आणि रिहर्सलला थेट नटाच्या डोळ्यापर्यंत न्यायची. आधी सांगून, हळू, आणि गालाशी थांबून. कुणाच्या डोळ्यासमोर न विचारता टेप नेऊ नये, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं जातं. मग जमिनीवर रंगीत पट्टीचा मार्क. पुळणीवर पट्टी चिकटत नाही, तिथे खडा किंवा काडी पुरते. चाकावरच्या पांढऱ्या कड्यावर पेन्सिलीने रेघा: इथे साडेचार फूट, इथे सहा, इथे नऊ. टेक सुरू झाला की त्या रेघांकडे बघायला फारसा वेळ मिळत नाही. त्या हाताला पाठ व्हाव्या लागतात.

मला ज्यांनी हे शिकवलं ते कराडकडचे. मुंबईला अटेंडंट म्हणून आले, लेन्सच्या पेट्या उचलता उचलता फोकसवर बसले. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. दादा मला रस्त्याने चालताना विचारायचे, "तो दुधाचा क्रेट किती फुटांवर?" मी सांगायचो, मग पावलांनी मोजून बघायचं. चहाच्या टपरीवर, स्टेशनच्या पुलावर, जेवणाच्या पंगतीत. सुरुवातीला मला त्याचा कंटाळा यायचा. पुढे पुढे माणूस समोर आला की आधी आकडा दिसायला लागला आणि नाव नंतर आठवायला लागलं. आजही कुणी दारातून आत आलं की आतल्या आत साडेसात, सहा, पाच असं उतरत जातं. ही सवय आता जाणार नाही, आणि जाऊही नये असं मला वाटतं.

फिल्मची शिस्त वेगळी होती हे आजच्या मुलांना सांगताना जुन्या दिवसांचं कौतुक केल्यासारखं वाटेल, पण त्यामागे साधं गणित आहे. 35 मिलिमीटरची फिल्म सेकंदाला 24 फ्रेमनी मिनिटाला 90 फूट धावते. चारशे फुटांचं मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा फिल्मचा डबा, साडेचार मिनिटांत संपतं, हजार फुटांचं अकरा मिनिटांत. प्रत्येक फूट विकत घेतलेला, धुवायचा आणि छापायचा. त्यामुळे कॅमेरा फिरायला लागला की त्याची बारीक घरघर ऐकून सगळा सेट श्वास धरायचा. मॅगझिन भरणारा लोडर काळ्या दुहेरी पिशवीत दोन्ही हात कोपरापर्यंत घालून, काही न बघता, फिल्म रिळावर चढवायचा. पिशवीत एक किरण शिरला तर दिवसभराचं काम धुक्यात जायचं. शॉट ओके झाला की लेन्स काढून टॉर्च मारून गेट, म्हणजे फिल्मवर प्रकाश पडतो ती खिडकी, बघायचं. फिल्मचा बारीकसा तुसा तिथे अडकलेला निघाला तर शॉट पुन्हा. गेट साफ आहे असं असिस्टंटने सांगितल्याशिवाय दिग्दर्शकसुद्धा पुढे जात नसे. आणि फोकस? तो बरोबर होता की नाही हे कळायचं रशेस, म्हणजे लॅबमधून धुऊन-छापून आलेले शॉट, बघितल्यावर. आउटडोअरला असलो तर डबे रात्रीच्या गाडीने मुंबईच्या लॅबला जायचे आणि आम्ही पुढचे काही दिवस नुसत्या भरवशावर काम करत राहायचो.

त्या काळातला एक शॉट मी विसरलेलो नाही. मी तेव्हा लोडर होतो. कोकणातलं एक जुनं घर, माजघरात सीन. आई पुढ्यात सूप घेऊन तांदूळ निवडते आहे, कॅमेऱ्यापासून साडेचार फुटांवर. मुलगा मागे नऊ फुटांवर, दाराच्या चौकटीला टेकून उभा. तो म्हणतो, घर विकायचं ठरवलंय. ठरलं होतं असं: आईच्या हातांवरून आणि चेहऱ्यावरून सुरुवात, आणि मुलगा बोलायला लागला की फोकस त्याच्यावर. सगळ्या रिहर्सल तशाच झाल्या. दादांच्या कड्यावर दोनच रेघा होत्या.

टेकमध्ये मुलाने श्वास घेतला आणि त्याचं वाक्य सुरू व्हायच्या आधीच आई झालेल्या बाईंची बोटं तांदळात थांबली. हे रिहर्सलला नव्हतं. त्यांनी वर पाहिलं नाही, मान हलवली नाही, फक्त बोटं थांबली. वाक्य आलं, मागे धूसर आकृतीचे ओठ हलले, आणि दादांनी चाक फिरवलंच नाही. पूर्ण वाक्यभर ते आईवर थांबून राहिले. वाक्य संपलं, बाईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला, पुन्हा निवडायला लागल्या, आणि तेव्हा कुठे फोकस अगदी सावकाश मागे मुलाकडे गेला. तो आता काहीच बोलत नव्हता.

कट झाल्यावर डीओपींनी व्ह्यूफाइंडरवरून डोळा काढून दादांकडे पाहिलं. "का नाही गेलास?" दादा म्हणाले, "बाई थांबल्या ना. त्यांना सोडून कुठे जाणार?" दिग्दर्शकाने दुसरा टेक ठरल्याप्रमाणे घेतला. सिनेमात कोणता लागला असेल हे सांगायची गरज नाही. बाईंचं कौतुक खूप झालं, आणि ते योग्यच होतं. मला मात्र तेव्हापासून कळलं की अंतर मोजणं ही या कामाची पहिली पायरी आहे. प्रेक्षकाचा डोळा कुणाकडे जाईल, कुणापासून कधी हलेल, हे त्या सेकंदात एक हात ठरवत असतो. नटाबरोबर तोही त्या प्रसंगात असतो. ऐकत असतो. बोलणाऱ्यावर फोकस ठेवणं कुणालाही जमेल. ऐकणाऱ्यावर कधी थांबायचं हे सीन कळल्याशिवाय जमत नाही.

आमच्या महाराष्ट्रातल्या सिनेमाची सुरुवातच अशा हातांनी झालेली आहे. दादासाहेब फाळके 1912 साली लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि परतल्यावर वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका फ्रेमने टिपून त्यांनी लोकांना दाखवली. पण 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'ला कॅमेऱ्यामागे होते त्र्यंबक तेलंग, आणि त्यांना ते काम फाळक्यांनीच शिकवलेलं. ते दिवस हाताने दांडा फिरवायचे. सर्वसाधारणपणे दांड्याच्या एका फेऱ्याला आठ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे. मनात लय धरून हात फिरवायचा; प्रसंग कितीही रंगला तरी हाताने रंगायचं नाही, नाहीतर पडद्यावर माणसं धावायला लागतात. मोटर नव्हती तेव्हा कॅमेऱ्याचा वेग हा एका माणसाच्या मनगटाचा संयम होता.

कोल्हापूरची गोष्ट तर मला याहून जवळची वाटते. आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू पडदे रंगवणारे कलावंत. सिनेमा करायचा तर कॅमेरा हवा, तर तो स्वतःच बनवायचा असं त्यांनी ठरवलं. 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून 1918 च्या सुमाराला तो कॅमेरा पुरा केला, आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' आला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे. तिथून जाताना मी दर वेळी थांबतो. लेथवर दातेरी चाकं कापणारे ते लोक डोळ्यांसमोर येतात. फिल्म एका क्षणी पुढे सरकली पाहिजे आणि दुसऱ्या क्षणी अगदी निश्चल थांबली पाहिजे, तीही सेकंदाला सोळा वेळा. ज्यांना हे हाताने घडवता आलं, त्यांना कॅमेऱ्याबद्दल जे कळत होतं ते आम्हाला माहितीपत्रक वाचून कळणार नाही.

आणि छायालेखक व्ही. के. मूर्ती. 'कागज के फूल' हा 1959 चा सिनेमा भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा. त्यातला स्टुडिओच्या अंधारात वरून उतरणारा तो प्रकाशाचा झोत सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो दिव्याचा नव्हता. दिव्याचा प्रकाश पसरत जातो. मूर्तींना समांतर झोत हवा होता आणि तसा झोत फक्त सूर्य देतो. म्हणून मोठे आरसे लावून बाहेरचं ऊन आत वळवलं. मूर्तींना पुढे 2008 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले छायालेखक. त्या सन्मानाचा मला मनापासून आनंद आहे. पण तो शॉट बघताना माझं लक्ष दरवेळी आरशाशी उभ्या असलेल्या माणसाकडे जातं, जो पडद्यावर नाही. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो. आरसा जागचा हलवला नाही तर पन्नास फुटांवर तो झोत तेवढ्या वेळात दहा इंचांनी ढळेल. म्हणजे रिहर्सल, टेक, पुन्हा टेक या सगळ्या वेळात कुणीतरी उन्हात उभं राहून तो आरसा केसभर, केसभर वळवत असणार. त्यांची नावं मला कुठे सापडली नाहीत.

मुंबईत कॅमेरा बहुतेक वेळा भाड्याने येतो, आणि कॅमेऱ्याबरोबर माणसंही येतात. हे अटेंडंट त्या भाड्याच्या ऑफिसचे असतात. आमच्यासाठी सातचा कॉल म्हणजे त्यांच्यासाठी पहाटे पेट्या मोजून गाडीत चढवणं; आणि पॅकअपनंतर आम्ही घरी पोचतो तेव्हा ते ऑफिसात लेन्स पुसून पेट्यांत ठेवत असतात. पावसाळ्यात त्यांची खरी परीक्षा. एसी गाडीतून आलेली लेन्स कोकणातल्या दमट हवेत एकदम बाहेर काढली की काचेवर वाफ धरते आणि युनिट हात बांधून बसून राहतं. म्हणून चांगला अटेंडंट सेटवर सगळ्यांच्या आधी पोचतो, पेट्या सावलीत ठेवतो आणि काचेला हळूहळू बाहेरची ऊब अंगी लागू देतो. रात्री सिलिका जेलच्या पुड्या तपासतो, कारण ओलाव्यात राहिली तर लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरते आणि ती पुसून निघत नाही. दसऱ्याला हीच माणसं कॅमेरे, लेन्स, ट्रायपॉड मांडून झेंडू वाहतात, आणि त्या दिवशी कुणाची बिशाद नसते पेटीला पाय लावायची. तसा तो इतर दिवशीही कुणी लावत नाही.

लाइटमनचंही तेच. जुन्या स्टुडिओत छताला टांगलेल्या लाकडी तराफ्यांवर ते बसलेले असतात, शेजारी पाच किलोवॉटचे दिवे भाजत असतात, आणि खालून आवाज येतो, "थोडा डावीकडे… अजून… बस." खालचा माणूस त्यांना बघू शकत नाही, तेही शॉट बघू शकत नाहीत. मला याची चीड येते की आजही बारा-बारा, चौदा-चौदा तासांच्या शिफ्टनंतर याच लोकांना सकाळचा कॉल सर्वांत लवकरचा मिळतो. एका निर्मितीत आमच्या अटेंडंटचं नाव श्रेयनामावलीतून गळलं. मी कळवलं, तर "जागा नव्हती" असं उत्तर आलं. जागा नव्हती! शेवटची नावं वर सरकत जातात त्या काळ्या पडद्यावर जागेची कसली टंचाई?

आता सगळं डिजिटल झालं. 2010 मध्ये आरी कंपनीचा अलेक्सा हा डिजिटल कॅमेरा आला आणि काही वर्षांत फिल्मच्या पेट्या आमच्या कामातून जवळपास नाहीशा झाल्या. माझं चाक आता कॅमेऱ्याला जोडलेलं नसतं. लेन्सवर मोटर असते आणि चाक माझ्या हातात, वायरलेस. समोर मॉनिटर. अंतर मोजून आकडा दाखवणारी यंत्रं आहेत. काम सोपं झालं असेल असं वाटतं, पण मोठे सेन्सर आले तशी शार्प पट्टी आणखी अरुंद झाली, आणि सगळ्यांना लेन्स पूर्ण उघडी ठेवून मागचं जग वितळवलेलं हवं झालं. मॉनिटरचाही एक सापळा आहे. चित्र मऊ झालेलं मॉनिटरवर दिसतं तेव्हा ते रेकॉर्ड होऊन गेलेलं असतं. केवळ पडद्याकडे बघून फोकस धरणारा सतत अर्धा क्षण मागे राहतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींना मी सुरुवातीला मॉनिटर देत नाही. माणसाकडे बघा, म्हणतो.

ऑटोफोकसबद्दल विचारतात. चेहरा ओळखून त्याच्या डोळ्यावर चिकटून राहणं यंत्राला आता उत्तम जमतं, आणि एकट्याने माहितीपट करणाऱ्याच्या हातात ते असणं मला आवडतं. पण तांदळात थांबलेल्या बोटांवर चेहरा नसतो.

सध्या माझ्याबरोबर एक मुलगी आहे, पुण्याची, भौतिकशास्त्र शिकलेली. 1985 मध्ये बी. आर. विजयालक्ष्मी तमिळ सिनेमात स्वतंत्रपणे छायालेखन करायला लागल्या त्याला इतकी वर्षं झाली, तरी कॅमेऱ्याच्या खात्यात मुली अजून मोजक्याच दिसतात. ही पेट्या उचलते, आणि कुणी मदतीला धावलं तर "राहू द्या" म्हणते. शूटच्या आधी लेन्स तपासायला बसली की दिवसभर उठत नाही. चार्ट भिंतीवर, टेपने नेमकं अंतर, मग प्रत्येक लेन्सचा आकडा खरा आहे का बघायचं. पीएल माउंट ही सिनेमाची लेन्स कॅमेऱ्याला बसवायची एक पद्धत. तीत लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत अंतर 52 मिलिमीटर असावं लागतं, आणि त्यात शतांश मिलिमीटरचा फरक पडला तरी वाइड लेन्सवरचे फुटांचे आकडे खोटं बोलायला लागतात. तिने मागच्या वेळी 24 ची लेन्स परत पाठवली. भाड्याच्या ऑफिसातले म्हणाले, सगळे हीच वापरतात. ती म्हणाली, मग सगळ्यांचे शॉट बघा. लेन्स बदलून आली.

परवा एका वाड्याच्या जिन्याचा शॉट होता. नट वरून खाली उतरत सरळ कॅमेऱ्याकडे येणार, 75 ची लेन्स, संध्याकाळचा प्रकाश, डीओपींनी टी 2 सांगितलं होतं. मी बाजूला बसलो होतो. फोकस तिच्याकडे होता. तिने पायऱ्यांवर टेप धरून बघितली, वहीत काहीतरी लिहिलं, आणि सरळ जाऊन म्हणाली, "सर, मला 2.8 मिळेल का?"

"2.8 म्हणजे दुप्पट प्रकाश लागणार. आणि मागची भिंत दिसायला लागेल. ती भिंत मला नकोय."

"मग अर्धा स्टॉप तरी. 2 आणि 2.8 च्या मध्ये."

गॅफरने, म्हणजे लाइटमनच्या मुकादमाने, न विचारताच सांगितलं की गाडीत एक दिवा शिल्लक आहे, दहा मिनिटं लागतील. लाइटमन तोवर केबल उलगडायला लागलेसुद्धा. डीओपींनी जिन्याकडे पाहिलं, उजेडाकडे पाहिलं.

"2.4," ते म्हणाले. "पण तिसऱ्या पायरीच्या पुढे मी तुला काहीच देऊ शकत नाही. तिथून तो फार जवळ येतो."

"तिसरीपर्यंतच लागेल," ती म्हणाली. "चौथीवर तो बापाची हाक ऐकतो. तिथून मी बापाकडे जाणार."